तीन एप्रिल आणि एक न्यायाधीश

सत्ता आणि न्याय यांच्या नात्याविषयी बोलू लागले की ख्रिस्ती मनापुढे प्रथम पिलाताचे न्यायासन उभे राहते. समोर उभा असलेला आरोपी निर्दोष आहे हे त्याला कळले होते; त्याला सोडण्याचा अधिकारही त्याच्या हाती होता. तरीही जमावाच्या आरडाओरड्याला आणि सम्राटाच्या नाराजीला भिऊन त्याने पाणी मागवले व हात धुतले. दरवर्षी पवित्र आठवड्यात हा प्रसंग आपण ऐकतो, मनोमन पिलाताला दोष देतो आणि घरी परततो. परंतु न्यायासनावर बसलेल्या माणसाला सत्तेपुढे ‘नाही’ म्हणणे किती जड जाते आणि त्याने तसे म्हटले वा न म्हटले याचे परिणाम किती पिढ्यांना भोगावे लागतात, हे पाहण्यासाठी दोन हजार वर्षे मागे जाण्याचे कारण नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात असे तीन एप्रिल महिने येऊन गेले. २४ एप्रिल १९७३, २६ एप्रिल १९७४ आणि २८ एप्रिल १९७६ हे ते तीन दिवस. योगायोग असा की तिन्ही दिवस पुनरुत्थान काळातील होते. त्यांतील पहिला दावा एका हिंदू मठाधिपतींचा, दुसरा एका कॅथलिक कॉलेजचा व तिसरा विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांचा. तिन्ही दाव्यांमागे प्रश्न मात्र एकच होता : निवडून आलेल्या सरकारच्या सत्तेला काही सीमा आहे की नाही?

आपल्या धर्मग्रामांतून शाळा आहेत, काही ठिकाणी महाविद्यालये आहेत. त्या आपण चालवतो, कारण घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना तो हक्क दिला आहे, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तो हक्क कोणी, कसा आणि कोणती किंमत देऊन राखला, याचा इतिहास आपण क्वचितच वाचतो. तो वाचला म्हणजे ध्यानात येते की आपल्या घराची भिंत शेजाऱ्याच्या पायावर उभी आहे.

मठाधिपतींचा दावा

प्रजासत्ताकाच्या आरंभापासून घटनेतील एक प्रश्न धुमसत होता. घटनेच्या तिसऱ्या भागाने नागरिकांना मूलभूत हक्क दिले आणि ते हिरावून घेणारा कायदा करण्यास शासनाला मनाई केली. दुसरीकडे ३६८ व्या कलमाने घटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला दिला. मग साध्या कायद्याने जे करता येत नाही ते घटनादुरुस्तीच्या मार्गाने करता येईल काय?

हा प्रश्न उपस्थित झाला तो जमीन सुधारणांच्या निमित्ताने, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. कसेल त्याची जमीन हे तत्त्व अन्यायाचे नव्हते; महाराष्ट्रातील कितीतरी कुळांच्या घरी त्या तत्त्वामुळेच चूल पेटली. १९५१ साली आणि पुन्हा १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने संसदेच्या बाजूने कौल दिला. मात्र १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर या मराठी न्यायाधीशांनी एक शंका नोंदवून ठेवली. घटनेचे एखादे पायाभूत वैशिष्ट्यच बदलले तर त्याला दुरुस्ती म्हणायचे की तो घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणे ठरेल, अशी ती शंका होती. तिच्यातून पुढे मोठा वृक्ष व्हायचा होता.

१९६७ साली पंजाबातील जालंधरच्या गोलकनाथ या ख्रिस्ती कुटुंबाच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी दुसरे टोक गाठले : मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही! यावर संसदेने १९७१ साली चोविसावी घटनादुरुस्ती करून आपला अधिकार पुन्हा प्रस्थापित केला. संसद आणि न्यायालय असे समोरासमोर उभे राहिले.

याच सुमारास, आजच्या कासरगोड जिल्ह्यातील एडनीर मठाचे तरुण अधिपती स्वामी केशवानंद भारती यांनी केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. मठाच्या जमिनी वाचाव्यात एवढाच त्यांचा हेतू. परंतु त्या अर्जाच्या निमित्ताने तेरा न्यायाधीशांचे पीठ बसले. एवढे मोठे पीठ त्यापूर्वी कधी बसले नव्हते, त्यानंतरही एकही खटला एवढ्या पीठाने निकालात काढलेला नाही. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले युक्तिवाद २३ मार्च १९७३ पर्यंत चालले. स्वामींची बाजू मुंबईचे नानी पालखीवाला यांनी मांडली. केरळ सरकारच्या बाजूने उभे होते महाराष्ट्राचे महाधिवक्ता होरमसजी सीरवाई आणि केंद्राच्या बाजूने महान्यायवादी नीरेन डे. हिंदू स्वामींची बाजू पारशी वकील मांडतो आणि त्याला उत्तर देणाराही पारशीच, हे दृश्य ज्या देशात दिसले त्या देशाविषयी आपण निराश होण्याचे कारण नाही.

२४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला. सहा न्यायाधीशांचे मत संसदेच्या अधिकाराला मर्यादा आहेत असे पडले, सहांचे मत तशा मर्यादा नाहीत असे. तेरावे मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. त्यांनी दोन्ही टोके टाळली. संसदेला घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करता येईल, मूलभूत हक्कांचेसुद्धा. परंतु दुरुस्ती या शब्दाचा अर्थच असा की मूळ वस्तू टिकून राहिली पाहिजे. दुरुस्तीच्या नावाखाली घटनेची मूलभूत संरचना मोडता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. घराची डागडुजी करायला बोलावलेल्या गवंड्याने घरच पाडून टाकावे, याला डागडुजी म्हणत नाहीत. सामान्य माणसाच्या भाषेत सांगायचे तर निकालाचे सार एवढेच. मालमत्तेचा हक्क मात्र त्यांनी या मूलभूत संरचनेत धरला नाही. त्यामुळे मठाच्या जमिनींना त्या निकालाने फारसे संरक्षण मिळाले नाही. स्वतःच्या जमिनीसाठी न्यायालयाची पायरी चढलेल्या स्वामींनी साऱ्या देशाला एक ढाल मिळवून दिली. २०२० साली त्यांचे देहावसान झाले.

सरकारची प्रतिक्रिया तत्काळ उमटली. सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले आणि न्यायमूर्ती शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून २६ एप्रिल रोजी न्यायमूर्ती अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. डावलले गेलेले तिघेही सत्तेला मर्यादा आहेत असे म्हणणारे होते. राय यांचे मत त्याविरुद्ध होते. तिघांनी राजीनामे दिले. ‘नाही’ म्हणण्याची किंमत काय असते, हे मागे उरलेल्या प्रत्येक न्यायाधीशाला त्या दिवशी कळून चुकले असणार.

कॉलेजचा दावा

यानंतर बरोबर एका वर्षाने, २६ एप्रिल १९७४ रोजी, दुसरा निकाल आला. अहमदाबादचे सेंट झेवियर्स कॉलेज येशूसंघीयांनी १९५५ साली स्थापन केलेले. गुजरात विद्यापीठाच्या १९४९ च्या कायद्यात १९७२ साली दुरुस्ती करण्यात आली. तिच्यानुसार कॉलेजच्या नियामक मंडळावर विद्यापीठाने नेमलेला प्रतिनिधी, तसेच प्राध्यापक, इतर कर्मचारी व विद्यार्थी यांचे प्रतिनिधी घेणे बंधनकारक झाले. कोणाही प्राध्यापकाला कामावरून काढताना कुलगुरूंची संमती आवश्यक ठरली. तंटा झाल्यास तो लवादाकडे जायचा आणि त्यातील सरपंच कुलगुरूंनी नेमायचा. इतकेच नव्हे, तर संलग्न कॉलेजे विद्यापीठाचीच घटक कॉलेजे करून टाकण्याची तरतूदही होती. प्राध्यापकांना संरक्षण मिळावे हा हेतू वाईट नव्हता. पण संस्था चालवण्याचा हक्क संस्थेच्या हातून अलगद निसटून जाणार होता.

नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने कॉलेजच्या बाजूने निकाल दिला आणि वादग्रस्त तरतुदींपैकी प्रमुख तरतुदी अल्पसंख्याकांच्या संस्थांना लागू होणार नाहीत असे ठरवले. विशेष असे की मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश राय यांचेच होते. त्यांच्याशी सहमत झालेले न्यायमूर्ती पालेकर, तसेच संस्थेच्या बाजूने कौल देणारे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड हे मराठी न्यायाधीशही आदल्या वर्षी संसदेच्या अमर्याद अधिकाराच्या बाजूचे होते.

न्यायमूर्ती खन्ना यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. त्यातील विचार आपल्या प्रत्येक शाळेच्या कार्यालयात लावून ठेवावा असा आहे. ते म्हणतात त्याचा भावार्थ असा : प्रौढ मताधिकार असलेल्या देशात बहुसंख्याकांना वेगळ्या संरक्षणाची गरज क्वचितच भासते, कारण हवा तो कायदा ते आपल्या प्रतिनिधींकरवी करून घेऊ शकतात. संरक्षण लागते ते अल्पसंख्याकांना. त्यांना दिलेले हक्क ही लाडावलेल्या मुलाला दिलेली जादा मिठाई नव्हे. या देशात आपण सुरक्षित आहोत असा विश्वास त्यांना वाटावा आणि खरी समता प्रत्यक्षात यावी, यासाठी ते आहेत. (मिठाईची उपमा माझी, विचार त्यांचा.)

या विश्वासाला इतिहास आहे. घटना समितीच्या अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हेही समितीचे सभासद होते. १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळातील राखीव जागा सोडून देण्याचे ठरले तेव्हा या नेत्यांनी त्याला साथ दिली. आपल्या समाजाने जागा मागितल्या नाहीत. मूलभूत हक्कांवर आणि शेजाऱ्यांच्या सद्भावावर भिस्त ठेवली. १९७४ च्या निकालाने ती भिस्त वाया गेली नाही असे दाखवून दिले. पुढील काळात मोठ्या पीठांनी या विषयाचा पुन्हा विचार केला, काही तपशील बदलले. परंतु गाभा टिकून आहे.

येथे एक प्रश्न मनात येतो. १९७३ साली खन्ना यांचे मत दुसऱ्या पारड्यात पडले असते तर? मग पुरेसे बहुमत असलेल्या कोणत्याही सरकारला घटनादुरुस्ती करून तिसावे कलमच पुसून टाकण्यास कसलाही अडसर उरला नसता. जे कलम उद्या पुसता येते, त्याच्या आधारे आज जिंकलेल्या दाव्याचे मोल ते काय! आपल्या कॉलेजच्या विजयाला आधार होता तो एका मठाधिपतींच्या दाव्याचा. त्या स्वामींना आपण कधी ओळखले नाही, त्यांच्यासाठी कधी प्रार्थनाही केली नाही.

राजबंद्यांचा दावा

२५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने चौदा, एकवीस व बावीस या कलमांखालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची मुभा स्थगित झाली. कायद्यापुढील समता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेविरुद्धचे संरक्षण ही ती तीन कलमे. ‘मिसा’खाली हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. महाराष्ट्रात त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या. पण असे आवाज थोडे होते.

स्थानबद्धांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले. माणसाला न्यायालयापुढे उभे करा आणि त्याला कोणत्या कायद्याने डांबले ते सांगा, एवढीच या अर्जाची मागणी असते. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी हे अर्ज ऐकून घेता येतात असा निर्णय दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायाधीशांचे पीठ बसले : राय, खन्ना, बेग, चंद्रचूड आणि भगवती.

सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायवादींना एक प्रश्न विचारला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने केवळ वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर त्यावर काही दाद आहे काय? उत्तर आले की आणीबाणी असेतोवर नाही. या उत्तराने न्यायालयाच्या दालनात काय शांतता पसरली असेल, याची कल्पनाच करावी.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायाधीशांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. स्थानबद्धांना उत्तम निवारा आणि अन्न मिळत असून शासन त्यांची जवळजवळ मातेसारखी काळजी घेत आहे, अशा अर्थाचे उद्गारही न्यायमूर्ती बेग यांच्या निकालपत्रात आहेत. पाचवे निकालपत्र खन्ना यांचे. जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क घटनेने निर्माण केलेला नाही; कायद्याचे राज्य ही कल्पना घटनेहूनही जुनी आहे. एकविसावे कलम स्थगित झाले म्हणून कायद्याच्या आधाराविना माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार शासनाला मिळत नाही, असे त्यांनी लिहिले. विरोधी निकालपत्र हे भविष्यातील अधिक जागृत विवेकाला केलेले आवाहन असते, या आशयाच्या विचाराने त्यांनी शेवट केला.

या निकालपत्रामुळे आपले सरन्यायाधीशपद जाणार हे त्यांना पक्के माहीत होते. निकालापूर्वीच त्यांनी आपल्या बहिणीला तसे सांगितले होते. झालेही तसेच. जानेवारी १९७७ मध्ये राय निवृत्त होताना सेवाज्येष्ठतेने खन्ना यांचा क्रम होता, पण सरन्यायाधीशपद न्यायमूर्ती बेग यांना मिळाले. खन्ना यांनी राजीनामा दिला आणि ते शांतपणे घरी गेले.

भविष्याने मात्र त्यांचे आवाहन ऐकले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही विसाव्या व एकविसाव्या कलमांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही असे ठरले. आणीबाणीत बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या अधिकारावरील मर्यादा पुसण्याचा जो यत्न झाला होता, तो १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात रद्द झाला. आणि ते बहुमताचे निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. माणूस बदलू शकतो, हे आपण कन्फेशनच्या खुर्चीत बसणारे धर्मगुरू रोज पाहतो. न्यायासनावरही ते घडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा निकाल चुकीचा होता असे स्पष्ट शब्दांत सांगून तो रद्दबातल ठरवला. ते शब्द लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र. वडिलांचे निकालपत्र मुलाने पुसले आणि खन्ना यांचे मत कायद्याच्या सिंहासनावर बसवले. ते पाहायला खन्ना नव्हते. २००८ साली त्यांचे निधन झाले होते.

आपल्यासाठी बोध

राय, खन्ना, बेग आणि चंद्रचूड हे चार न्यायाधीश तिन्ही पीठांवर बसले होते. त्या चौघांपैकी सत्तेला सीमा आहे असे तिन्ही वेळा, कोणताही अपवाद न करता म्हणणारे एकटे खन्ना. मठाधिपतींच्या वेळी, कॉलेजच्या वेळी आणि राजबंद्यांच्या वेळी त्यांचा गज एकच होता. समोर कोण उभा आहे हे पाहून त्यांनी गज बदलला नाही.

आपण मात्र बदलतो, हे कबूल केले पाहिजे. १९७४ चा निकाल आपल्या संस्थांना तोंडपाठ आहे. १९७६ चा निकाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? आपल्या शाळेवर सरकारी परिपत्रक आले की आपण घटना उघडतो. शेजाऱ्याच्या दारावर अन्यायाची थाप पडते तेव्हा आपण दिवा मालवतो. ऑक्टोबर २०२० मध्ये फादर स्टॅन स्वामी या वृद्ध येशूसंघीयांना अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, चौऱ्याऐंशीव्या वर्षी मुंबईच्या रुग्णालयात बंदिवासातच त्यांचा अंत झाला, तेव्हा कोठे आपल्याला विनाचौकशी तुरुंग हा विषय आपला वाटला. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालयात कधी झालाच नाही. कॉलेज चालवण्याचा हक्क मोठा खरा. पण ज्या देशात माणसाच्या देहालाच संरक्षण नाही, तेथे त्याच्या कॉलेजला ते कोठून मिळणार?

दुसरी गोष्ट आपल्या घरची. केरळच्या शिक्षण विधेयकावर १९५८ साली मत देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की संस्था चालवण्याच्या हक्कात संस्था वाईट रीतीने चालवण्याचा हक्क येत नाही. सरकारने सीमा ओळखावी असे आपण म्हणतो. मग धर्मगुरूंनी, व्यवस्थापकांनी, मुख्याध्यापकांनीही आपापली सीमा ओळखायला हवी. शिक्षकांची नेमणूक करताना, गरीब पालकाची फी माफ करताना, हिशेबाची वही धर्मग्रामापुढे उघडी ठेवताना आपल्या हातात असते ती सत्ताच. तीही अमर्याद नाही.

प्रभूने नाण्यावरील मुखवटा दाखवून सीझरचे आणि देवाचे वेगळे केले, तेव्हाच सत्तेला सीमा असते हे आपल्याला शिकवले गेले. सीझरचे काही आहे हे खरे. सगळेच सीझरचे नाही, हेही तितकेच खरे. इंग्लंडचे चॅन्सेलर संत थॉमस मोर यांनी १५३५ साली या सीमेसाठी शिरच्छेद पत्करला. न्यायमूर्ती खन्ना यांना शिर द्यावे लागले नाही, केवळ पद द्यावे लागले. ते ख्रिस्ती नव्हते. तरीही आपल्या मुलांना सदसद्विवेक म्हणजे काय हे शिकवताना संतांच्या चरित्रांबरोबर या माणसाची गोष्टही आपण सांगावी. पुढल्या पवित्र आठवड्यात पिलाताचा प्रसंग वाचला जाईल तेव्हा, त्याच न्यायासनावर बसून ज्याने हात धुण्यासाठी पाणी मागवले नाही, त्याचीही आठवण व्हावी.